सुकन्या_फायनल

"हिच्या गालावरची खूण कुठं गेली?"

सरजाबाईंनी प्रिंट टेबलावर ठेवली. बसवराजने पाहिलं. भूकंपात गेलेली त्यांची लेक, चार वर्षांची सुकन्या. नितळ, उजळ, बोर्डात आलेल्या पोरीसारखी.

"डाग व्हता मावशी. ओल लागून पडलेला. काढला."

"डाग न्हाई त्यो. चुलीपाशी पडली व्हती. भाजल्याली खूण हाय."

सुकन्या_मूळ

ही फाइल नाही.

असायला हवी होती. लातुरातल्या आपल्या दुकानात डीटीपी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बसवराज पहिल्याच दिवशी सांगायचा: स्कॅन झालं की मूळ वेगळं ठेवा. काम नकलेवर करा. लेअर एक करू नका, मग मागं जाता येत नाही. जेपीजी सगळ्यात शेवटी.

हा एकच फोटो किल्लारीच्या ढिगाऱ्यातून निघालेला. दहा वर्षं होत आली, तरी काचेला चिकटलेलाच. बसवराजने आधी काचेसकट स्कॅन केला, मग काच सोडवायला गेला. चेहरा काचेबरोबर सोलून निघाला.

"घाबरू नका मावशी," तो म्हणाला होता. "लेकरू कॉम्प्युटरमध्ये हाय."

सुकन्या_१

स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी बारावीचा निकाल लागला. दुकानात पहिल्या आलेल्या पोरांच्या जाहिराती घेऊन क्लासवाल्यांची रीघ. त्यातलेच एक, आलोक सर, खुर्चीला टेकून उभे.

"बसू, चेहरे चकाचक कर. पुटकुळी दिसली तर पालक ॲडमिशन घेत नाहीत."

"सर, मार्क बघतेत का गाल?"

"आधी गाल. मार्क तर सगळेच छापतात."

बसवराज हसला. सकाळपासून साठ चेहरे झाले होते. तीळ, व्रण, पुटकुळ्या, सगळं पुसून. एकसष्टावा चेहरा सुकन्याचा होता. हात थांबलाच नाही. पुसलं, लेअर एक केले, त्याच नावावर सेव्ह. जुनी फाइल बदलू का, मशीनने विचारलं. त्याने हो म्हटलं आणि मशीन बंद केलं.

सुकन्या_२, ३, ४, ५, ६

"परत आण की मग."

"येत न्हाई मावशी. माझीच चूक हाय." जरा थांबून तो म्हणाला, "तुम्ही जागा दाखवा. मी काढतो."

त्याने पडद्यावरच्या गालावर तपकिरी ठिपका ठेवला.

"खाली जरा. ...लई खाली गेला. कानाकडं घे. न्हाई, एवढी मोठी नव्हती."

प्रत्येक ठिपका त्याने वेगळ्या नावाने ठेवला. एकही पुसला नाही. सुकन्या_६ पाहून सरजाबाईंनी नुसती नकाराची मान हलवली.

"मावशी?"

"मलाबी ध्यानात येईना झालंय रे."

मागे कुणीतरी क्लासचा मजकूर घेऊन आलं होतं. बसवराजने हातानेच त्याला थांबवलं.

सरजाबाई उठल्या. पडद्याकडे पाठ केली, डोळे मिटले. मग वाकल्या, हात कमरेच्याही खाली, चार वर्षांच्या लेकराच्या गालाच्या उंचीवर नेला आणि तिथे, हवेत, बोट हळूहळू फिरवत राहिल्या.