बरंच म्हणायचं

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात 'वाईट आहे' असं कोणी म्हणत नाही. धान्याचं कोठार जळून खाक झालं तरी मालक 'तसं बरंच म्हणायचं' म्हणतो आणि पाहुण्याला कॉफी ओततो. व्हर्लिन टॉलेफसन तर या बाबतीत सगळ्या गावाचा बाप. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यानं बायकोला, आर्डिसला, पोटात 'जरा काहीतरी' आहे एवढंच सांगितलं होतं.

ऑपरेशन झालं. त्यात सर्जनबाईंनी टाक्यांखाली एक बारीक नळी ठेवली होती, तिच्या बाहेरच्या टोकाला रबरी फुगा. तो दाबून चपटा ठेवला की जखमेतलं पाणी ओढून घेतो. पाणी आत साचलं तर पू होईल, टाके उसवतील आणि केमो लांबेल, असं त्यांनी घरी सोडताना बजावलं. केमो लांबली तर काय, हे विचारायचा धीर आर्डिसला झाला नाही. तेव्हापासून तिचा सगळा जीव त्या फुग्यात अडकला होता.

रविवारी व्हर्लिननं चर्चला जायचा हट्ट धरला. प्रार्थनेनंतर तळघरात सगळे कॉफीला जमतात. शर्टाखाली फुगा दिसला तर बायका चौकशा करतील, आजाऱ्यासाठी भाजलेल्या गरम जेवणाची, हॉटडिशची भांडी घेऊन घरी येतील. म्हणून या शहाण्यानं नळी दुमडून पट्ट्याखाली खोचली, आणि घरी आल्यावरही तशीच राहू दिली. संध्याकाळी पाहिलं तर फुगा कोरडा.

"आटलं बघ," तो खुशीत म्हणाला.

आर्डिसनं नळी सोडवली, सरळ केली, फुगा पुन्हा दाबला. थेंब आला नाही; नळी आत कुठेतरी तुंबली होती.

सोमवारी सकाळी टाक्यांभोवती लाली चढली होती, सूज होती आणि व्हर्लिनचं अंग तापलं होतं. तो हातही लावू देईना. तेवढ्यात दवाखान्यातून कॉलीन नर्सचा नेहमीचा फोन आला. व्हर्लिननं तिला 'बरंच म्हणायचं' असं सांगून टाकलं आणि फोन बायकोच्या हातात दिला. कॉलीननं तिलाही विचारलं. आणि जन्माच्या सवयीनं आर्डिसच्या तोंडून निघून गेलं, की हो, ठीक चाललंय.

फोन ठेवला आणि तिला स्वतःची भयंकर चीड आली. माणूस डोळ्यांदेखत तापतोय आणि आपण रीत सांभाळत बसलोय. तिनं पुन्हा नंबर लावला.

"कॉलीन, मघाशी मी खोटं बोलले. वाईट आहे."

कॉलीनही याच भागातली, त्या शब्दाचं वजन तिला ठाऊक होतं.

"वाईट म्हणालात ना? मग आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना. मी सर्जनबाईंना सांगून ठेवते."

व्हर्लिन खुर्चीतून सगळं ऐकत होता. आता हा फुगून बसणार, आपल्याशी बोलणार नाही, असं धरूनच आर्डिसनं गाडीची किल्ली घेतली आणि त्याचे बूट त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याला वाकता येईना. मग तीच खाली बसली आणि त्याच्या पायात बूट चढवू लागली.

"आर्डिस," तो हळूच म्हणाला, "मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.