बरे झालेले गुडघे

लालीबाई प्रार्थनेच्या शेडच्या तिन्ही पायऱ्या कुठंही हात न टेकता चढली आणि वर पोचल्यावर हसली. हसली नसती तर किंचाळली असती. उजव्या गुडघ्यात अशी कळ उठली होती की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण दारात गुलाबसिंग उभा होता, आणि गुलाबसिंगनं पाहिलं म्हणजे अख्ख्या तांड्यानं पाहिलं.

"पाहा न," तो आतल्यांना ओरडून म्हणाला, "आपली याडी कशी पोरीवानी चढते!"

याडी म्हणजे आई. लालीबाई बादल पास्टरची सख्खी आई, म्हणून आर्णीजवळच्या या तांड्यावर रविवारच्या प्रार्थनेला येणारे सगळेच तिला याडी म्हणत. आणि मान देत तो तिच्या गुडघ्यांमुळे.

दोन वर्षांपूर्वी लेकानं त्या गुडघ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि दुखणं गेलं. खोटं नाही, खरंच गेलं. काठीशिवाय उंबरा न ओलांडणारी बाई उठली आणि भर अंगणात नाचली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. तो व्हिडिओ दिग्रस, दारव्हा, पुसद, कुठं कुठं फिरला. तोवर बादलच्या प्रार्थनेला घरचीच अकरा टाळकी असायची. आता टिनाचं शेड उभं राहिलं आणि तेही पुरेना.

दुखणं परत आलं ते आठ महिन्यांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत. दोन दिवसांत जाईल असं वाटलं. गेलं नाही. रविवारी सांगून टाकू म्हणून ती मनाची तयारी करून आली, तर बादलनं तिलाच साक्षीला उभं केलं. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. लेकाचा चेहरा नुसता फुललेला. तिनं जुनंच सांगितलं. पुढच्या खेपेलाही तेच. मग बहिणीकडं जाते म्हणून यवतमाळ गाठायचं, डॉक्टरकडून गुडघ्यात सुई घ्यायची आणि गावात येऊन ताठ चालायचं, असं सुरू झालं. प्रार्थनेला बसली की पहिल्याच वाक्याशी अडायची. बाप्पा, कोणत्या तोंडानं जायचं देवापुढं? चोराला तरी एवढी लाज वाटत असेल का?

"याडी, इकडं ये," बादलनं हाक मारली. "ह्या हंसाबाई. बोरी अरबहून आल्या, खास तुले भेटाले."

हंसाबाई साठीची, अंगानं सुकलेली, डोळे मात्र लखलखीत. तिनं लालीबाईचे दोन्ही हात धरले आणि सोडायलाच तयार होईना.

"तुमीच का वो त्या! किती खेपा पाह्यला मी तुमचा व्हिडिओ. सुनेचा मोबाइल घेऊन घेऊन पाह्यला. दारव्ह्याले गाडी बदलून आली पाहा."

दोघी सतरंजीवर बसल्या. म्हणजे हंसाबाई बसली. लालीबाईनं आधी पदर सावरला, मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून ओठ आवळत अंग खाली सोडलं. बसल्यावर तिला हंसाबाईचा पाय दिसला. अंगठ्याला चिंधी बांधलेली, आणि चिंधीतून पिवळं, वास मारणारं पाणी पाझरलेलं.

"हे काय झालं?"

"काई नाई वो, काटा रुतला होता. शुगर हाय न मले, भरून नाई राह्यलं." हंसाबाई जवळ सरकली. आनंदाची बातमी सांगावी तसा तिचा आवाज झाला. "पण मी सुई सोडली शुगरची. आज नऊ दिवस झाले. गोळ्याबी उकिरड्यावर फेकल्या. पोरगा लय ओरडला. म्या म्हटलं, लालीबाईले होते, तर मले काहून नाई होणार?"

बोरी अरबातली एक बाई आपल्या नावावर मरायला निघाली होती, आणि हसत हसत निघाली होती.

"अवो, असं नोको करू," ती हळूच म्हणाली. "प्रार्थना कर, न सुईबी घे. दोन्ही कर."

"तुमी घेतली होती का?"

लालीबाईनं गेल्या मंगळवारीच घेतली होती. ती गुडघ्यावरचं लुगडं सारखं करत राहिली.

"पाहा," हंसाबाईनं तिच्या हातावर टाळी दिली, "तुमी माह्या विश्वासाची परीक्षा घेऊन राह्यल्या. मी नाई मागं हटत, बाई."

गाणी सुरू झाली. ढोलकीवर थाप पडली, सगळे टाळ्या वाजवू लागले. लालीबाईचे हात मांडीवर पडून होते. खाली मान घालून ती विचार करत होती तो देवाचा नव्हे, लेकाचा. देव बदलला म्हणून तांड्यावरचे भाऊबंद आधीच टपून बसलेले. खरं कळलं तर आर्णीच्या बाजारात बादलला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पोरगा उन्हातान्हात गाडीवरून गावोगाव फिरतो, लोकांच्या आजाऱ्यांपाशी बसतो. त्याची अब्रू त्याच्याच आईनं घालवायची? आणि नाही घालवली तर? चिंधीतला तो वास तिच्या नाकात बसला होता. देवा, मले उचलून तरी ने, ती मनात म्हणाली. तेही तिच्या सोयीचंच मागणं होतं, हे तिचं तिलाच कळलं आणि आणखी लाज वाटली.

"आज पाहुण्याईसाठी आपली याडी साक्ष देईल," बादल म्हणाला.

ती उठली. उठताना पहिल्यांदाच तिनं सगळ्यांदेखत खांब धरला, आणि "आई गं" असा आवाज निघाला तो गिळला नाही.

"माहे गुडघे दुखते," ती म्हणाली.

सवयीनं मागून कुणीतरी "हालेलुया" म्हटलं आणि जीभ चावली.

"सव्वा वरीस झालं, दुखून राह्यले. तवा थांबले होते, ते खरं होतं. मंग परत सुरू झालं, न मी सांगतलं नाई. लाज वाटली. बादललेबी माहीत नाई. मी बहिणीकडं जात नव्हती, यवतमाळच्या डॉक्टरकडं जात होती, सुई घ्याले. तुमच्यापुढं खोटं बोलली, देवापुढंबी बोलली." तिनं हंसाबाईकडं पाहिलं, कारण बादलकडं पाहायची हिंमत नव्हती. "तू सुई घे, माय. आजच घे. आर्णीतच दवाखाना हाय. माह्यामुळं पाय नोको गमावू."

गुलाबसिंग जमिनीकडं बघत होता. बादलनं हातातलं गाण्याचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक बाई उठून बाहेर निघून गेली. तिच्यामागून तिचा नवरा गेला. लालीबाई खांबाला धरून घसरत खाली आली आणि तिनं पदरात तोंड लपवलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर ती खुशाल गेली असती.

"लय दुखते का वो?"

हंसाबाई सरपटत तिच्यापाशी आली होती. लालीबाईनं होकाराची मान डोलावली. सव्वा वर्षात हे कुणी विचारलंच नव्हतं. प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतली जात, कुणाचा ताप, कुणाची कंबर, कुणाची अडलेली सून. पण बऱ्या झालेल्या गुडघ्यांसाठी कोण प्रार्थना करील?

हंसाबाईनं आपला सुकलेला हात तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. तिला प्रार्थना येत नव्हती. ती या शेडमध्ये आली होती तीच आज पहिल्यांदा.

"येशूबाबा," ती म्हणाली, "या बाईचे पाय दुखते. लय दिवसाचे दुखते. तू पाहा बरं जरासं."

एवढंच. मग तिनं हात न काढता लालीबाईच्या तोंडाकडं पाहिलं.

"थांबलं का?"

सगळं शेड कानात प्राण आणून बसलं होतं. लालीबाईनं पदर खाली केला. डोळे भरून वाहत होते, नाक गळत होतं, आणि त्यातच तिला हसू आलं.

"नाई," ती म्हणाली. "नाई थांबलं, माय."

पुढून, पुस्तक मिटून उभ्या असलेल्या बादलचा आवाज आला.

"आमेन."