शिवणखोलीतला लोहचुंबक आणि येणारी मांजर

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. काळा, बांगडीएवढा गोल, मध्ये भोक आणि एका कडेचा टवका उडालेला. दिसायला यथातथाच, पण एके काळी माझा काय दरारा होता म्हणून सांगू! आज मात्र मला माझी फजिती सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काळी पूड दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं आणि एका रेडिओच्या स्पीकरमागे बसवलं. गाण्यांबद्दल वाहवा पुढच्या कागदी पडद्याची व्हायची आणि मी मागे मुकाट्याने राबायचो. एक दिवस तो पडदा फाटला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला बाहेर काढलं आणि शेजारच्या दुकानातल्या शिंप्याच्या हातावर ठेवलं. "मास्तर, हा घ्या. पडलेल्या सुया वेचायला बरा पडेल."

मास्तरांनी माझ्यातून सुतळी ओवली. दुकान बंद करण्याआधी ते मला रोज जमिनीवरून फिरवत. टेबलाखालच्या, मशीनच्या पायाशी पडलेल्या सुया आणि टाचण्या धावत येऊन मला बिलगायच्या आणि माझं साळिंदर व्हायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, तुमचा गडी कामाचा आहे हो!" मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

पुढे मास्तरांची नजर मंदावली. दुकान बंद झालं, मशीन घरातल्या मागच्या खोलीत आलं आणि जवळच्या ओळखीतलं तेवढंच काम उरलं. माझी सुतळी कोणी तरी काढून टाकली आणि मला फ्रिजच्या दारावर चिकटवलं. गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला कागद धरून ठेवणं, एवढंच माझं काम. सहा वर्षं मी तो कागद धरून होतो. नंबरही कधीच बदलला होता.

मग मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. या ताईंचा खुबा झिजला होता. त्यानंतर काही महिने त्या मुलाकडे राहणार होत्या, पण सुनेला मांजराच्या केसांनी दमा उसळतो. ताईंची मांजर आठ वर्षांची, दुसऱ्या कोणाकडे कधी न राहिलेली. तिच्या पायी ताईंनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. शेवटी मास्तर म्हणाले, "ताई, तिला माझ्याकडे ठेव. राणीसारखी ठेवतो."

झालं, घरात तयारी सुरू झाली. मास्तरांच्या लेकीने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून कागदभर लिहून आणलं. पहिले काही दिवस मांजरीला एकच शांत खोली द्यायची, खिडकीला जाळी लावायची, शी-शूसाठी मातीचा ट्रे आणि खाण्याची ताटली लांब लांब ठेवायची. मास्तरांनी जुन्या कोटाच्या अस्तराची गादी शिवली. लपायला खोकं ठेवलं. खोली कुठली, तर मागची, कारण तीच शांत.

"बाबा, तिथे सुयांचं रान माजलंय," लेक म्हणाली. "आणि दोरे! मांजर दोरा गिळते, मग आतडी कापून काढावा लागतो."

"दोरे मी उचलतो. सुयांची काळजी सोड," असं म्हणत मास्तर फ्रिजकडे आले आणि मला दारावरून ओढून काढलं. "हा आहे ना!"

मित्रांनो, मला किती आनंद झाला! नवी सुतळी आली. मी खोलीभर तीनदा फिरलो आणि ओंजळभर टाचण्या आणल्या. मास्तर छाती काढून म्हणाले, "आता इथे उघड्या पायांनी नाचा."

पण टेबलाच्या मागच्या पायाशी मी तीनदा ज्यांच्या अंगावरून गेलो, त्या टाचण्या हलल्या नव्हत्या. त्या पितळी होत्या. भारी कापडाला गंजाचा डाग पडू नये म्हणून मास्तर त्या वापरत. पितळेवर माझी मात्रा चालत नाही. दुकानात मास्तर त्या हाताने वेगळ्या वेचायचे, पण मधल्या वर्षांत ते विसरले होते आणि सगळी भिस्त माझ्यावर होती. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पण खरं सांगू? पुन्हा झालेलं ते कौतुक मला इतकं गोड लागलं, की पहिल्यांदा मीही तिकडे काणाडोळाच केला.

दुसऱ्या दिवशी ताई खोली बघायला आल्या. गादी चाचपली, जाळी हलवून पाहिली. मग खुर्चीचा हात धरून कण्हत कण्हत खाली बसायला लागल्या.

"आत्या, अगं काय करतेस? पाय!" लेक धावली.

"ती काय माझ्यासारखी उभ्याने फिरणार आहे? तिच्या उंचीवरून बघू दे मला."

त्या कुशीवर झाल्या आणि टेबलाखाली हात घातला. लगेच "आई गं!" म्हणून मागे घेतला. तळव्यात पितळी टाचणी उभी होती.

मास्तरांचा चेहरा पडला. "मी चुंबक फिरवला होता गं..."

"मग चुंबकालाच सांभाळ तू," ताई म्हणाल्या. "नाही जमायचं मला. करू तिसऱ्यांदा रद्द."

मास्तरांनी चष्मा पुसला, टॉर्च घेतला आणि सत्तरीचा तो माणूस ताईंशेजारी पोटावर पालथा पडला. दुसऱ्या बाजूने लेक शिरली. फरशीच्या फटी, मशीनचं पायडल, कपाटाचं बूड, सगळीकडे ओलं फडकं फिरलं. अकरा पितळी टाचण्या निघाल्या आणि मूठभर दोरे. सगळं झाकणाच्या डब्यात गेलं. मग मास्तरांनी मशीनच उचलायला लावलं आणि बाहेरच्या खोलीत हलवलं. "खोली तिची," ते म्हणाले. "मी दाराशी बसून शिवीन." तेव्हा कुठे ताई म्हणाल्या, "बरं. नको रद्द करायला."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा किंवा मांजर येणार असेल, तर गादी-ताटलीच्या आधी एकदा जमिनीवर पालथे पडा. माझ्यासारख्याची मदत जरूर घ्या, पण त्याला काय जमत नाही तेही विचारात घ्या. आम्हाला ते सांगता येत नाही, आणि शाबासकी मिळत असली की आम्ही सांगायच्या मनःस्थितीतही नसतो.

मांजर आली ती थेट कपाटामागे शिरली. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. तिकडे ताई दवाखान्यात दाखल झाल्या होत्या, पण ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करेनात. "ती जेवल्याचं कळू दे," एवढंच म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दाराशी शर्टाला काज करत बसले होते. ती हळूच आली, ताटली चाटूनपुसून साफ केली आणि उघड्या फरशीवर चारी पाय ताणून आडवी झाली.

लेकीने फोन लावला. "आत्या, जेवली गं!"

पलीकडे ताई कोणाला तरी म्हणाल्या, "आणा तो कागद. पेन द्या."