संत्र्यांची पिशवी

यानलिंगने आपला आणि मार्टिनचा मोबाइल फ्रिजमध्ये दह्याच्या बरण्यांशेजारी ठेवला, दार घट्ट लावलं आणि मगच म्हणाली,

"हं, आता बोला."

परदेशी वर्तमानपत्राच्या बीजिंगमधल्या या कचेरीत महत्त्वाचं बोलायचं तर आधी फोन फ्रिजमध्ये जायचे. फोनमधून सरकारी माणसं नक्की ऐकतात का, हे कुणी पाहिलेलं नव्हतं, पण दही मात्र जपून काढावं लागे.

"बॅटरीवाली बातमी थांबवलीय," मार्टिन म्हणाला. "आमचे व्यापारमंत्री येताहेत. त्याच कंपनीशी करार आहे. संपादक म्हणतात, ही वेळ नव्हे."

"थांबवलीय की मारलीय?"

मार्टिनने किटलीत पाणी भरलं. हा परदेशी बातमीदार माणूस म्हणून वाईट नव्हता. पण दोन देशांचं बिनसल्यापासून त्याचा व्हिसा महिन्यामहिन्याने वाढत होता आणि बायकोने बॅगा उघडायचंच सोडून दिलं होतं.

"मारलीय," तो म्हणाला.

बातमी यानलिंगनेच शोधली होती. चिनी माणसाला परदेशी वर्तमानपत्राचा बातमीदार होता येत नाही, म्हणून तिचा हुद्दा सहायक. सहायकाचं नाव छापत नाहीत. ज्या बॅटरीच्या कारखान्याने एका दूरच्या तालुक्याला रुंद रस्ते आणि काचेची कचेरी दिली, त्याच्या भिंतीला लागून फेई दायोंगचं घर होतं. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, शाओमानच्या रक्तात शिसं उतरलं होतं. पोरगी जिना चढताना मध्येच बसायची. तालुक्याचा डॉक्टर म्हणायचा, दूध पाजा.

"बातमीखाली तुमचं नाव येणार ना, ताई?" फेईने तेव्हा विचारलं होतं.

"माझं येत नाही. नियम आहे. तुमचंही बदलू आपण, उगीच त्रास नको."

"छे! माझं खरंच छापा. दोघांपैकी एकाचं तरी असायला हवं की नाही?"

आता या माणसाला काय सांगायचं, या विचाराने तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, आणि तोही थेट कचेरीच्या फोनवर.

"ताई, तालुक्याचे साहेब घरी येऊन गेले! स्वतः! संत्र्यांची पिशवी घेऊन. आजवर आमच्या गल्लीत त्यांची गाडीसुद्धा वळली नव्हती."

"काय म्हणाले?"

"कधी छापून येतंय, विचारत होते. छापलं नाही तर शाओमानला प्रांताच्या मोठ्या रुग्णालयात नेतो म्हणाले. सगळा खर्च त्यांचा." तो घुटमळला. "तुम्ही एवढ्या लांब आलात, आमच्यासाठी धडपडलात. आता थांबवा म्हणायला जीभ रेटत नाही. पण पोरगी आहे हो माझी."

यानलिंग खुर्चीत ताठ बसली. मेलेल्या बातमीला कुणीतरी अजून घाबरत होतं! मग तिने रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात, फेईसाठी कमी आणि तिसऱ्या कानासाठी जास्त, सांगितलं,

"शुक्रवारी येतंय. पहिल्या पानावर, फोटोसकट. त्याआधी मुलगी रुग्णालयात दाखल झाली तरच मी थांबवू शकते. सांगा त्यांना."

"खरंच पहिल्या पानावर?"

"अगदी वर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चोरून ऐकणाऱ्यांबद्दल तिला माया वाटली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

गुरुवारी दुपारी मार्टिन व्हिसा कचेरीतून आला तो शीळ घालतच. हातात गरम मोमोंचा डबा होता.

"वर्षभराचा दिला! अख्ख्या वर्षाचा! चहासुद्धा पाजला. म्हणाले, आता दोन्ही देशांचे संबंध सुधारताहेत."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. शुक्रवारी बॅटरीचं काही येतंय का, विचारलं. शुक्रवार कुठून काढला कुणास ठाऊक. मी म्हटलं, छे, ती बातमी कधीच रद्द झाली." तिचा चेहरा बघून तो थांबला. "खरंच होतं ना ते?"

यानलिंगच्या हातातल्या चॉपस्टिक्स तशाच राहिल्या. तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. कमी लोकांना ठाऊक असलेलं बरं, असं तिला वाटलं होतं.

फोन वाजला.

"ताई," फेईचा आवाज अगदी खाली होता. "ते साहेब येऊन संत्री परत घेऊन गेले. शाओमानने एक सोललं होतं, तेही उचललं. म्हणाले, काही छापून येत नाही, आम्हाला बीजिंगहून कळलंय. मी म्हटलं, माझी ताई खोटं बोलायची नाही. तर हसले."

तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"येतंय ना उद्या?" त्याने विचारलं.

समोर मार्टिन डब्याचं झाकण हातात धरून उभा होता.

"नाही," यानलिंग म्हणाली.

पलीकडे शाओमान खोकली, कुणीतरी तिला पाणी दिलं. फेईने घसा साफ केला.

"म्हणजे दोघांचंही नाव नाही आलं," तो म्हणाला. "बरं. तुम्ही जेवलात का, ताई?"