खारगड ते ढगपूर

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि तीस वर्षं जमिनी मोजण्याची नोकरी केलेला. म्हणजे नाकाने कांदे सोलायचा रीतसर परवानाच. लहानपणी आम्ही दोघांनी एक देश रचला होता. तिथे पंख असलेले बैल होते आणि विहिरी बोलायच्या. पन्नाशीला टेकल्यावर मी त्या देशावर कादंबरी लिहिली. तिच्यात नकाशा हवा होता, आणि तेव्हाचे नकाशे निघाले दोन. एक त्याचा, एक माझा. प्रकाशकांना आज संध्याकाळी पाचच्या आत एकच पाठवायचा होता.

"तुझा चुकलाय, बुटके," दादा म्हणाला. "खारगड ते ढगपूर वीस दिवसांची वाट. तू तीस दाखवलीस."

"तीसच आहे!"

"पाच वर्षांची होतीस तू. तुला काय कळतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर हेच ऐकत आलेय. मला पुस्तकात माझाच नकाशा हवा होता, आणि तो बरोबर आहे हे याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले. "ऊठ, मोजू."

देश याच घरात तर होता. स्वयंपाकघराचा उंबरा म्हणजे खारगड, आणि लांबलचक बोळाच्या टोकाला गॅलरीचं दार म्हणजे ढगपूर. एक पाऊल म्हणजे एक दिवस. दादा ऐटीत चालत गेला. सोळाच पावलं भरली.

"देश आटला वाटतं धुऊन," मी म्हणाले.

तो तोंड पाडून परत आला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी थबकला. तिथे आमच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. त्या वर्षीची माझी खूण त्याच्या खुणेपेक्षा हातभर खाली होती. त्याने धावत जाऊन दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरले. जंगल त्याच्याकडे आठ दिवसांवर, माझ्याकडे बारा. बोलकी विहीर त्याच्याकडे बारा, माझ्याकडे अठरा.

"सगळीकडे दीडपट!" तो ओरडला. "अगं, पायच केवढेसे होते तुझे! बरोबर आहे तुझा नकाशा. एका दिवसाचीही चूक नाही."

मी बोळभर नाचले. गुडघे दुखतात, तरी नाचले. आता खोड काढायची पाळी माझी होती.

"आणि हे चौदाव्या दिवसावरचं थांबागाव कुठून आलं? माझ्याकडे असलं गावच नाही. तुझाच चुकलाय!"

"तुझ्याकडे कसं असेल?" दादा म्हणाला. "तू मागे राहायचीस. तू येईपर्यंत मी तिथे थांबायचो."

मला फक्त माझं धावणं आठवत होतं. तो पुढे असायचा खरा, पण कधी दिसेनासा झाला नव्हता. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

पाचला दहा मिनिटं होती. मी पेन उचललं.

"माझ्या कितव्या पावलावर रे?"

"एकविसाव्या."

तिथे मी थांबागाव काढलं, आणि मगच माझा नकाशा छापायला पाठवला.