डाव्या हातातला मोजा

मी एक जुना मोजा आहे. पिवळा, गुडघ्यापर्यंत लांब, टाचेला रफू केलेला. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका, मला स्वच्छ धुतलेलं आहे. माझी उमेदीची वर्षं फुटबॉल खेळणाऱ्या एका बाबांच्या पायात, बुटाच्या अंधारात गेली. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, खेळ सुटला आणि आम्ही जोडीने कपाटाच्या तळाशी जाऊन पडलो. आता आपलं पोतेरं होणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पण आम्हाला मावशीने उचललं. मावशी म्हणजे त्या घरातल्या आईची धाकटी बहीण. ती बस चालवायची आणि सुटीच्या दिवशी मैदानावर पॉई फिरवायची. दोन हातांत दोन दोऱ्या, त्यांच्या टोकाला वजन, आणि ते गरगर फिरवत हवेत नक्षी काढायची, असा हा खेळ. आमच्या दोघांच्या बोटांकडच्या टोकात तिने तांदळाची एकेक पुरचुंडी घातली, वर ओबडधोबड टाके मारले आणि आम्हाला भाचीच्या हातात दिलं.

भाचीला सगळे भिंगरी म्हणत. सायकलवरून पडून तिचा डावा खांदा मोडला होता. प्लास्टर निघालं तरी हात वर जाईना. डॉक्टरांनी तो हलता ठेवायला सांगितलं होतं आणि भिंगरी तो खिशात ठेवत होती. रोज सकाळी आई तिची वेणी घालायची, तेव्हा ती आरशाकडे बघायचीसुद्धा नाही.

"माझी वेणी मला घालता येईल का गं परत?" तिने मावशीला एकदाच विचारलं.

"बघू. आधी फिरव तर," मावशी म्हणाली.

उजव्या हातात माझा जोडीदार आला, डाव्यात मी. पहिला फेरा झाला आणि माझा श्वासच अडकला. खाली जमीन, वर आभाळ, पुन्हा जमीन, पुन्हा आभाळ! जन्मभर बुटाचा तळ पाहिलेल्याला एवढं आभाळ एकदम दिसलं तर त्याने काय करावं?

मावशी शिकवायची घरामागच्या अरुंद बोळात, दोन भिंतींच्या मधे. चक्र सरळ असलं की आम्ही भिंतीला लागत नसू. जरा तिरकं गेलं की थप्पकन आपटत असू. आधी दोघे बरोबरीने फिरलो, मग आळीपाळीने, एक वर तर दुसरा खाली. ते जमल्यावर आली वीण. तिच्यात आम्ही अंगासमोरून एकमेकांना ओलांडत या कुशीकडून त्या कुशीकडे जायचं होतं. तिथेच गाडी अडली. मी मागे रेंगाळायचो, लोंबायचो आणि जोडीदाराच्या गळ्यात पडायचो.

कारण मला ठाऊक होतं. आई शिवणकाम करायची. एका दुपारी तिने माझे टाके उसवून निम्मे तांदूळ काढून घेतले होते. "दमतं गं लेकरू," असं स्वतःशीच पुटपुटत तिने मला पुन्हा शिवलं. मायेनेच केलं तिने. पण पोटात वजन नसलं की मी ताठ कसा राहणार? वाऱ्याची झुळूकही मला ढकलून जायची. आणि बोल लागायचा त्या बिचाऱ्या हाताला.

एका संध्याकाळी भिंगरीने आम्हाला जमिनीवर टाकलं. "उजवा नीट जातो. माझा डावा हातच कामाचा नाही. उद्यापासून मी येणार नाही." मित्रांनो, मोज्याला तोंड नसतं याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

मावशीने आम्हाला उचलून एकेका तळहातावर घेतलं आणि ती थबकली. मग मला डोळ्यांजवळ नेऊन तिने माझे टाके पाहिले.

"हे टाके माझे नाहीत. इतकं बारीक या घरात एकच बाई शिवते."

आई दारातच उभी होती, गळ्यात टेप. "तिचा हात दुखतो गं. म्हणून थोडं हलकं केलं," ती म्हणाली. मावशी रागावली नाही. ती भिंगरीकडे वळली आणि म्हणाली, "तुझा हात मागे पडत नाहीये. मोजा मागे पडतोय."

आईने स्वतः तांदूळ आणून मला भरलं. या वेळी तिने आम्हाला भिंगरीच्या दोन्ही हातांवर ठेवून विचारलं, "सारखे झाले का?" मगच टाका घातला.

दुसऱ्याच दिवशी वीण जमली. मग फुलपाखरू आलं, मग पाठीमागची वीण. शेवटी मावशीने फूल शिकवायला घेतलं. त्यात हात पूर्ण ताणून मोठं वर्तुळ काढायचं असतं आणि आम्ही त्याच्या उलट फिरत पाकळ्या काढायच्या. सगळ्यात वरची पाकळी डोक्याच्याही वर. डाव्या हाताची ती पाकळी कितीतरी दिवस अर्धीच राहिली. खांदा कुरकुरायचा, भिंगरी ओठ चावून पुन्हा उभी राहायची. आणि एक दिवस मी वर गेलो, आणखी वर गेलो, बोळाच्या भिंती खाली राहिल्या आणि माथ्यावर अख्खी पाकळी उमलली. ते फूल मी काढलं होतं, एका जुन्या मोज्याने! आजही खरं वाटत नाही.

आता मी आरशाशेजारच्या खिळ्यावर असतो. फूल जमल्यानंतरच्या एका सकाळी आई कंगवा घेऊन आली, तर भिंगरीची वेणी घालून झालेली होती. चांगली वाकडी होती. ती सरळ करायला आईचा हात पुढे गेला, माझ्याजवळ येऊन थांबला आणि मागे फिरला. "छान झालीय," ती म्हणाली.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्ही भिजलो तर वाळवा, फाटलो तर शिवा. पण कुणाची दया येऊन आमच्या पोटातले तांदूळ तेवढे काढू नका.