पाडव्याच्या आधीचं धोतर

या, थोडं जवळ सरका. बुवांना यायला अजून वेळ आहे, तोवर टाळ मांडीवर ठेवा आणि औशाकडच्या रामकिशनची गोष्ट ऐका.

रामकिशन म्हणजे कीर्तनवेडा माणूस. लांब कुठं मृदंग वाजला तरी ह्याचे पाय तिकडं वळायचे. घर भरलेलं, रान चांगलं, आणि रानात वडिलांच्या वेळेपासूनचा सालगडी, ग्यानोबा. लहानपणी रामकिशनला खांद्यावर बसवून ह्यानंच जत्रा दाखवलेली. पण घरात त्याला हाक एकच, ग्यान्या. वडील मारायचे, मग रामकिशन मारू लागला, आणि आता इवलासा नातू वैजनाथ ओसरीवरून ओरडायचा, "ए ग्यान्या, माझी चप्पल आण." सगळे कौतुकानं हसायचे. ग्यानोबाही हसायचा.

गुढीपाडवा जवळ आला असताना रामकिशन नांदेडला लेकीकडं, साक्षीकडं गेला. तिनं टीव्हीवर जुन्या काळचा एक सिनेमा लावला. साता समुद्रापलीकडं माणसं विकत घेऊन त्यांना कापसाच्या रानात राबवायचे, त्याची कथा. चाबकाचे फटके आले तेव्हा रामकिशननं रामकृष्णहरी म्हणत मान फिरवली. मग ती माणसं गाऊ लागली. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, अगदी टाळकऱ्यांसारखी. रामकिशनचा हात मांडीवर ठेका धरू लागला.

"ही तर आपलीच माणसं की गं," तो म्हणाला.

तेवढ्यात मालकाचं पोरगं घोड्यावरून आलं आणि त्या गाणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला म्हणालं, "ए पोऱ्या, लगाम धर." म्हातारा हसला आणि त्यानं लगाम धरला.

रामकिशनचा ठेका थांबला. ते हसू तो घरी रोज बघत होता.

साक्षीनं समजावलं की तिथं माणूस विकत घेतलेला, आपला गडी साल ठरवून येतो, पटलं नाही तर जातो. दोन्ही एक नव्हे. ते खरंच होतं. पण ती हाक काही रामकिशनच्या कानातून जाईना.

गावी परतताना रामकिशननं औशाच्या बाजारातून नवं धोतर घेतलं. ग्यानोबाला ओसरीवर आपल्या शेजारी पाटावर बसवलं, पोळीवर तूप वाढायला लावलं, आणि अडखळत म्हणाला, "जेवा ग्यानोबा, सावकाश होऊ द्या." ग्यानोबा मान खाली घालून जेवला. धोतर कपाळाला लावलं. सकाळी बघतात तर गोठ्यात त्याची घोंगडी नव्हती.

रामकिशनला काही कळेना. बायकोनं, साखराबाईनं मात्र कपाळावर हात मारला. पाडव्याला गड्याचं साल संपतं. आणि त्या घरात गडी काढायचा असला की त्याला असंच ओसरीवर जेवू घालून, धोतर देऊन, मानानं बोलून वाटेला लावायचे. सासऱ्यांनी पाडलेली रीत, रामकिशनच्या ध्यानातच राहिली नव्हती.

"जन्मात एकदा माणसासारखं वागवलं," ती म्हणाली, "अन् ते बी निरोप दिल्यावानी."

ग्यानोबा भोकरला लेकीकडं गेला असणार. रामकिशननं एसटी धरली. वाटभर जिवाला एकच घोर, म्हातारा परत येईल का? आणि त्यानं यावं तरी कामून?

भोकरला ग्यानोबा अंगणात दोरी वळत बसला होता. मालकाला बघून उठू लागला, तर रामकिशननं त्याला बसवलं आणि स्वतः समोर मातीत बसला. सिनेमा सांगितला, तो म्हातारा सांगितला, पोरगं सांगितलं. ग्यानोबानं वळलेल्या दोरीला गाठ मारली.

"कामाचं मला कधी काई वाटलं न्हाई, मालक," तो म्हणाला. "पर माझ्या मायनं, तारामतीनं, माउलीचं नाव म्हणून लई हौसेनं ठेवलं होतं. ती गेल्यापास्नं पुरं कुणी घेतलंच न्हाई. तुम्ही घेतलं, अन् मला वाटलं, हाकलून राहिले."

आधी दारात उभी ग्यानोबाची लेक हसली, मग तेही दोघं हसले.

"चला काका," रामकिशन म्हणाला. "सप्त्यात माझ्या मागून वीणेचा पहारा तुमचा."

"मी मंडप झाडणारा माणूस."

"झाडू मी मारतो."

पाडव्याला सप्ता बसला. रामकिशननं खरंच मंडप झाडला, आणि ग्यानोबानं राहिलेले कोपरे बोट करून दाखवले. सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. पहारा बदलला तेव्हा रामकिशननं ग्यानोबाच्या पायांवर डोकं ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं. नवं धोतर नेसलेला ग्यानोबा वीणा छातीशी धरून उभा राहिला, आणि वैजनाथ खालून विचारत होता, "ग्यानोबाआजा, मी टाळ घेऊ का?"

ते बघा, बुवा आले. टाळ उचला आता. पण गजर कराल तेव्हा माउलीच्या नावाबरोबर एकदा तारामतीची आठवण करा.